पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे युद्ध

सांगलीतील एका हळदीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत आजही पाळली जाते. तीन पिढ्या एका पंगतीला बसतात. त्यामुळे घरातील बहुतेक प्रश्न तेथेच निघतात आणि बहुधा तेथेच मिटतात. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी निघालेला प्रश्न मात्र पंगत उठली तरी मिटला नाही. नववीत शिकणाऱ्या, चौदा वर्षांच्या मुलाने सणासुदीला वडीलधाऱ्यांकडून मिळालेले पैसे साठवले होते. त्यांतून त्याला प्लेस्टेशनवरचा एक खेळ विकत घ्यावयाचा होता. खेळाचे नाव 'ड्रॅगन बॉल फाइटर्झ'.

"पप्पा, डबीवर टी लिहिलंय. टी म्हणजे टीन. माझ्याच वयाच्या मुलांसाठी आहे," मुलाने युक्तिवाद तयार ठेवला होता.

वडिलांच्या डोक्यात त्या दिवशीचे सौदे घोळत होते. 'घे बाबा, पण अभ्यास सांभाळ' असे म्हणून ते मोकळे होणार, इतक्यात आईने मारामारीचा खेळ घरात नको असे निक्षून सांगितले. आजोबा ताक पीत होते. त्यांनी भांडे खाली ठेवून एवढेच विचारले, "त्यात मरतो कोण?"

मुलगा उत्साहाने सांगू लागला. कोणी मरत नाही, तीन-तीन जणांचे संघ असतात, एकाची शक्तिरेषा संपली की दुसरा पुढे येतो, अमक्याचा शेवटचा फटका असा, तमक्याचा बचाव तसा. आईने मधेच थांबवले. "न घेतलेल्या खेळातलं इतकं तुला कसं रे ठाऊक?"

त्यानंतरची शांतता बरेच काही सांगून गेली. गेले तीन महिने शिकवणी सुटल्यावरचा अर्धा-पाऊण तास तो मित्राच्या घरी याच खेळात घालवत होता. म्हणजे घराने परवानगीचा विचार सुरू केला तेव्हा परवानगीचा विषय तीन महिने जुना झाला होता. वडिलांना खेळापेक्षा हे अधिक लागले. नकार द्यावा तर तो कोणत्या गोष्टीला द्यावयाचा, आणि होकार द्यावा तर न पाहिलेल्या वस्तूला कसा, हे त्यांना उमजेना.

व्यापारी कुटुंबाला ही अडचण अनोळखी वाटू नये. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देताना केवळ त्याच्या दुकानाची पाटी पाहून कोणी देत नाही, आणि पाटी आवडली नाही म्हणून लगेच हाकलूनही लावत नाही. चौकशी होते. मुलांच्या खेळाबाबत मात्र हीच मंडळी पाटीवरून निकाल देतात. पाटीवर 'युद्ध' असले की नकार, 'वय तेरा' असले की होकार.

आता या खेळाची चौकशी.

'ड्रॅगन बॉल' ही मूळ अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराची चित्रकथा. १९८४ ते १९९५ या काळात ती तेथील 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी शैलीच्या चलच्चित्र मालिका निघाल्या. तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये निवर्तले. ज्या पालकांना हे नाव परके वाटते त्यांनी थोडे मागे जाऊन आठवावे: या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत 'ड्रॅगन बॉल झी' ही मालिका भारतात कार्टून नेटवर्कवर दाखवली जात होती, आणि आज चाळिशीत आलेल्या कित्येक वडिलांनी पाठीवरचे दप्तर न उतरवता ती पाहिलेली आहे. सांगलीच्या त्या वडिलांनाही गोकूचे उभे पिवळे केस दिसताच जुनी ओळख पटली. त्यांच्या आईने तेव्हा टीव्हीची तार काढून ठेवली होती, हेही त्यांना आठवले; पण ते त्यांनी मुलाला त्या दिवशी सांगितले नाही.

या मालिकेवर बेतलेला हा खेळ आर्क सिस्टिम वर्क्स या योकोहामाच्या कंपनीने तयार केला आणि बांदाई नामको या कंपनीने २०१८ च्या जानेवारीत बाजारात आणला. चित्रे इतकी मूळ मालिकेसारखी आहेत की शेजारून जाणाऱ्याला टीव्हीवर मालिकाच चालू आहे असे वाटावे. दोन खेळाडू समोरासमोर. प्रत्येकाने तीन पात्रे निवडावयाची. एक लढतो, उरलेले दोघे हाकेला येतात. लढत काही मिनिटांत संपते. ठोसे, लाथा, तळहातांतून निघणारे प्रकाशाचे झोत, कोसळणारे डोंगर, शेवटच्या फटक्याने इमारती फोडून दूर फेकला जाणारा प्रतिस्पर्धी, असे सारे अतिशयोक्त दृश्य. चेहरे सुजतात, कपडे फाटतात. रक्ताचे पाट किंवा तुटलेले अवयव नाहीत. हरलेले पात्र पुढच्या डावात पुन्हा ताजेतवाने उभे असते. आजोबांच्या प्रश्नाला मुलाने दिलेले उत्तर येथवर खरे होते.

संपूर्ण मात्र नव्हते. या खेळासाठी म्हणून एक नवे स्त्रीपात्र निर्माण करण्यात आले, 'अँड्रॉइड २१'. तिची भूक अनावर आहे आणि ती समोरच्याला मिठाईत रूपांतरित करून खाते. चित्रण गमतीचे आहे, लहान मुले हसतात. ज्या घरात पानात वाढलेल्या प्रत्येक वस्तूची चौकशी होते, त्या घराने ही गंमत एकदा डोळ्यांनी पाहून मग काय ते ठरवावे. डबीवरील अक्षर असली माहिती देत नाही.

ते अक्षर आले कोठून, हे समजले तर त्याची मर्यादाही समजते. १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा द्वंद्वाचा खेळ अमेरिकेत आला. त्यात हरलेल्याला अमानुष रीतीने ठार करण्याची सोय होती. पालक संतापले, १९९३ च्या डिसेंबरात तेथील सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि सरकार कायदा करील या धास्तीने खेळ-उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःच वयानुसार वर्गवारी करणारे मंडळ स्थापन केले. युरोपची अशी व्यवस्था २००३ पासूनची. 'फाइटर्झ'ला अमेरिकेत टी, म्हणजे तेरा वर्षे व पुढे, आणि युरोपात बारा वर्षे व पुढे असा दर्जा मिळाला. 'मॉर्टल कॉम्बॅट' सतरा वर्षांवरील वर्गात मोडतो. दोन्ही 'फायटिंग गेम'च. तरी दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एवढे सांगण्यापुरती ही वर्गवारी विश्वासार्ह आहे.

भारतात चित्रपटांना केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि २०२४ पासून त्यात सात, तेरा व सोळा वर्षांचे टप्पेही आले. खेळाच्या डबीवर मात्र बहुधा परदेशी मंडळाचाच शिक्का दिसतो. तो शिक्का रक्त किती, शिव्या किती, अंगप्रदर्शन किती, याचे मोजमाप करतो. आपल्या घरातील चौदा वर्षांचा मुलगा हरल्यावर कसा वागतो, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. शिक्का एका खेळापुरता असतो, पण खेळ हे एका मोठ्या वाड्याचे दार असते. गोकू आवडला की मुलगा मूळ चित्रकथेकडे वळतो. तेथील वृद्ध गुरूचे स्त्रियांकडे पाहणे व बोलणे आजच्या कोणत्याही आईला खटकेल असे आहे. 'डेमन स्लेयर' या मालिकेचा चित्रपट २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांतही लागला आणि मुलांनी गर्दी केली. त्या कथेचा आरंभच नायकाच्या कुटुंबाच्या हत्येने होतो, आणि तिच्यावरही द्वंद्वाचा खेळ निघालेला आहे. चित्रे एकाच वळणाची दिसतात म्हणून सर्व जपानी मालिका एका वयाच्या समजणे ही पालकांची नित्याची चूक. त्यांत पाच वर्षांच्या मुलासाठीही कथा आहेत आणि केवळ प्रौढांसाठीही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण जैन घरात तो टाळता येत नाही. पडद्यावर कोणी जीव मरत नाही. मग हिंसा कसली, असे मुलगा विचारणार. परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. यशोधर राजाची कथा अनेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक चम्पू'त ती विस्ताराने मांडली. राजा देवीपुढे पशुबळी देण्यास तयार नव्हता. आईने तोड काढली: पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यावा. जीव नाही, रक्त नाही, कोणाला इजा नाही. तरीही त्या कृत्यामुळे मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले, असे कथा सांगते. कारण पीठ कापताना मनात कोंबडा कापला गेला होता.

वरवर पाहता हा निकाल खेळाच्या विरोधात जातो. पिठाऐवजी प्रकाशाचे ठिपके, एवढाच काय तो फरक. परंतु कथेतील बारकावा सोडता कामा नये. यशोधराच्या आईला बळीचे फळ हवे होते. मारण्याचा संकल्प करूनच ते कृत्य झाले. खेळणाऱ्या मुलाच्या मनात तसा संकल्प असतो का? बहुसंख्य मुलांच्या मनात असतो तो जिंकण्याचा. बुद्धिबळात हत्ती मारला असे म्हणताना कोणाच्या मनात हत्तीविषयी क्रूरता नसते.

त्याच परंपरेत भरत आणि बाहुबली यांची कथाही आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली तेव्हा मंत्र्यांनी निरपराध माणसे मारली जाऊ नयेत म्हणून दोघा भावांतच सामना ठरवला. आदिपुराणात त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. नियमांनी बांधलेले, शस्त्राविना केलेले द्वंद्व हे तेथे संहार टाळण्याचे साधन ठरले. कुंभोजला बाहुबलींच्या मूर्तीपुढे उभे राहून ही कथा ऐकलेल्या मुलाला द्वंद्व म्हणजे निव्वळ पाप, असे सांगून पटणार नाही. योगायोग असा की 'ड्रॅगन बॉल'मध्येही स्पर्धेचा आखाडा आहे, प्रतिस्पर्ध्याला ठार करणारा त्यात बाद होतो, आणि गोकू हाती आलेल्या व्हेजिटाला जीवदान देतो. पुढे तोच वैरी सोबती होतो. अर्थात या साम्यावर फार भार देऊ नये. जपानी चित्रकथा ती जपानी चित्रकथा. तिला पुराणाचा टिळा लावण्याचे कारण नाही.

अधिक उपयोगी पडणारी गोष्ट श्रावकाचारात आहे. अनर्थदंड, म्हणजे निष्प्रयोजन केलेले पापकर्म. त्याचे जे पाच प्रकार सांगितले जातात, त्यांतील तीन जणू आजच्या पालकांसाठी सांगितले असावेत: अपध्यान, म्हणजे दुसऱ्याचे वाईट चिंतणे, दुःश्रुति, म्हणजे मन मलिन करणाऱ्या कथा ऐकणे, आणि प्रमादचर्या, म्हणजे निष्कारण व बेफिकिरीने केलेली कृती. डबीवरील टीपेक्षा ही मोजपट्टी बारीक आहे. खेळ संपल्यावर मुलगा हरवलेल्या मित्राला हसून टाळी देतो की 'त्याला बघून घेतो' म्हणत रात्रभर धुमसतो? पहिले असेल तर तो खेळ आहे. दुसरे असेल तर ते अपध्यान, मग पडद्यावर कॅरम असला तरी.

आधुनिक संशोधनही याच ठिकाणी येऊन थांबते, हे नमूद करावेसे वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली: हिंसक खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, मात्र ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी लहानसा पण निश्चित संबंध आढळतो. म्हणजे खेळामुळे मुलगा गुन्हेगार होईल ही भीती अवास्तव. बहिणीवर ओरडेल ही शक्यता खरी. आईने लक्ष ठेवावयाचे ते या दुसऱ्या गोष्टीवर.

हिंसेची चर्चा घराघरांत होते. हिशेबाची होत नाही, आणि व्यापारी घरांनी ती न करावी हे आश्चर्यच आहे. खेळाची किंमत म्हणजे डबीवरची किंमत, अशी समजूत असते. 'फाइटर्झ'चा हिशेब मांडून पाहावा. मूळ खेळात चोवीस पात्रे होती. त्यानंतर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणखी वीस आली आणि संख्या चव्वेचाळीस झाली. ही वीस पात्रे स्वतंत्र मोल देऊन घ्यावयाची. मित्राकडे एखादे पात्र आहे आणि आपल्याकडे नाही, हे चौदाव्या वर्षी किती टोचते, हे सांगावयास नको. म्हणून खरेदीपूर्वीच पाहावे की मिळते आहे ती मूळ आवृत्ती की नंतरच्या पात्रांसह येणारी. सवलतीच्या दिवसांत पूर्ण आवृत्ती स्वस्त पडते. पाव-पाव किलोने घेतलेला माल नेहमीच महाग.

या खेळात चिठ्ठी काढावी तशा बंद कुप्याही आहेत. त्यांतून पोशाखाचे रंग, छोटी चित्रे अशी शोभेची वस्तू निघते. त्या कुप्या खेळातच मिळणाऱ्या 'झेनी' नावाच्या लुटुपुटूच्या नाण्यांनी घेता येतात, खऱ्या रुपयांनी नाही; ही या खेळाची जमेची बाजू. दुसऱ्या कित्येक खेळांत, विशेषतः मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या खेळांत, अशीच कुपी खऱ्या पैशाने घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. फुकटच्या खेळाला घरात सहज प्रवेश मिळतो आणि विकतच्या खेळाची पंगतीत चौकशी होते, हा उलटा व्यवहार आहे.

२०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून काही घरांत सर्वच खेळ बेकायदा ठरल्याची समजूत पसरली आहे. 'फाइटर्झ' त्या वर्गातला नाही. येथे पैसे लावले जात नाहीत, मोजले जातात.

मात्र मोजण्याची रीत नीट समजून घ्यावी. घरातल्या घरात दोघांनी खेळण्यास काही लागत नाही. पण प्लेस्टेशनवर बाहेरच्या खेळाडूंशी ऑनलाइन लढावयाचे तर कंपनीचे वेगळे सभासदत्व घ्यावे लागते, आणि रद्द न केल्यास त्याचे आपोआप नूतनीकरण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरील अशा आवर्ती वजावटीची नोंदणी करताना ओटीपी लागतो. त्यानंतर पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या प्रत्येक वजावटीस तो पुन्हा लागत नाही. वजावटीच्या किमान चोवीस तास आधी बँकेकडून सूचना येते. ती सूचना रोज येणाऱ्या पन्नास संदेशांच्या ढिगाऱ्यात हरवते, हा भाग वेगळा. दुकानाचे चालू खाते ज्या कार्डाला जोडलेले आहे, ते कार्ड मुलाच्या खेळात साठवून ठेवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली खुंटीला टांगणे. मुलाचे खाते वडिलांच्या खात्याखाली काढावे, महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी आणि लागेल तेव्हा ठरावीक रक्कम वॉलेटमध्ये भरावी. वेळेची आणि अनोळखी व्यक्तींशी बोलण्याची मर्यादाही तेथेच घालता येते. हे सारे यंत्रात आधीपासून असते. घरातील कोणीतरी वीस मिनिटे बसून ते लावावे लागते, इतकेच.

अनोळखी माणसांविषयी थोडक्यात. ऑनलाइन लढतीत समोर कोण आहे, त्याचे वय काय, हे कळत नाही, आणि यंत्रावरील गप्पांच्या सोयीतून कानावर काय पडेल यावर कोणत्याही मंडळाचा शिक्का चालत नाही. चौदाव्या वर्षी हा दरवाजा बंद असावा. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळणे आणि न दिसणाऱ्या माणसाशी खेळणे, हे दोन निराळे खेळ आहेत.

मुलांच्या भात्यात आणखी एक बाण असतो, तो करिअरचा. ई-स्पोर्ट्सला आता मान आहे, हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 'स्ट्रीट फायटर' या द्वंद्वाच्या खेळाला पदके होती, असे ते सांगतात. ते खरे आहे. ऑलिंपिकमध्ये भालाफेकही आहे. म्हणून भाला विकत घेणारा प्रत्येक जण खेळाडू होत नाही. या युक्तिवादावर घरात अधिक वेळ घालवू नये.

मग ठरवावयाचे कसे? सांगलीच्या घरात जे घडले ते काही आदर्श म्हणून सांगण्यासारखे नाही, पण विचारात घेण्यासारखे आहे. त्या रात्री वडील रागावले, तेही खेळासाठी नव्हे, तीन महिन्यांच्या लपवालपवीसाठी. आईचे म्हणणे, चोरून खेळणाऱ्याला बक्षीस कशाला? तिचे म्हणणे रास्त होते आणि ते मान्य झाले: तीन महिने लपवले, म्हणून खरेदीचा विचार तीन महिने पुढे. दरम्यान मित्राच्या घरी जावयाचे ते सांगून, रविवारी, आणि तेही वडिलांना सोबत घेऊन.

ही शेवटची अट मुलाला सर्वांत जाचक वाटली. वडिलांनाही. मित्राच्या दिवाणखान्यात, मित्राच्या वडिलांनी केलेला चहा समोर, हातात कंट्रोलर, आणि बटणे कोणती दाबावीत याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत ते पहिल्या रविवारी सलग सात डाव हरले. पण त्या तासाभरात त्यांना जे दिसले ते कोणत्याही शिक्क्याने दाखवले नसते. मुलगा हरतो तेव्हा गप्प होतो, ओरडत नाही. त्याचा मित्र हरला की कंट्रोलर आपटतो. मुलगा पराभवानंतर सरावाच्या दालनात जाऊन चुकलेला डाव पुन्हा-पुन्हा घोटतो. आणि मित्राचा सात वर्षांचा भाऊ कोपऱ्यात बसून सारे पाहतो. डाव संपताच तो उशीला ठोसे मारू लागतो. टी हे अक्षर चौदा वर्षांच्या मुलापुरते असते. खोलीत बसलेल्या धाकट्याचे वय कोणी मोजत नाही. स्वतःच्या घरी सहा वर्षांची मुलगी आहे, हे वडिलांच्या तेव्हा ध्यानात आले.

फाल्गुनात खेळ घरी आला. ऑनलाइन दरवाजा दहावीची परीक्षा होईपर्यंत बंद. धाकटी जागी असताना खेळावयाचे नाही. वेळेचा वाद होणार हे दिसत होते. तो आजोबांनी एका वाक्यात मिटवला. सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे घरात सर्वांना ठाऊक आहेत, त्याहून एक मिनिट जास्त नको. अँड्रॉइड २१ चे ते मिठाईचे प्रकरण आजोबांना मुलाने स्वतःच दाखवले. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले, 'हे मला आवडलं नाही' म्हणाले, आणि बंद कर असे मात्र म्हणाले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात मुलाने बहिणीला ढकलले. खेळ आठ दिवस कपाटात गेला. आईने किल्ली पदराला बांधली आणि आठ दिवसांनी न मागता परत दिली.

खेळ आजोबांना पसंत नाही तो नाहीच. रविवारी दुपारी बापलेक बसले की ते शेजारच्या खोलीत वाचन करीत असतात. अठ्ठेचाळीस मिनिटे झाली की पुस्तकावरून मान न उचलता विचारतात, "हरलं कोण?"

"मीच, अण्णा," असे उत्तर अजून तरी वडिलांकडूनच येते.